विंडोज-१० नंतरचे चामोर्शी

मायक्रोसॉफ्टने 'विंडोज-१०'ची सेवा थांबवल्यानंतर कोट्यवधी चालते संगणक एका दिवसात 'जुने' ठरले. महानगरांत यावर नवी खरेदी हा उपाय असेल. चामोर्शीसारख्या तालुक्याच्या गावात तो परवडणारा नाही. लिनक्सचा पर्याय विनामूल्य आहे, हे खरे. परंतु तो टिकवायचा असेल तर कोणती प्रणाली निवडावी यापेक्षा ती सांभाळणार कोण, या प्रश्नाचे उत्तर आधी शोधावे लागेल.

१४ ऑक्टोबर २०२५ हा दिवस चामोर्शीच्या बाजारपेठेत कोणाच्या लक्षात राहिला असण्याचे कारण नाही. दिवाळी आठवड्यावर आली होती आणि शिवारात हलके धान कापणीला आले होते. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज-१०' या ऑपरेटिंग सिस्टीमला दिली जाणारी सर्वसाधारण सेवा बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे संगणक नेहमीसारखेच सुरू झाले, आणि खरी गोम येथेच आहे. सेवा संपलेला संगणक बंद पडत नाही. फक्त त्यात नव्याने सापडणारी सुरक्षेची भगदाडे बुजवणारे कोणी उरत नाही. घरगुती वापरकर्त्यांना कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत देऊ केली. मात्र त्यासाठी नावनोंदणी हवी, आणि मूळ परवाना नसलेल्या प्रतीला तिचा उपयोग नाही.

मग 'विंडोज-११' का घेऊ नये, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. त्या प्रणालीच्या अधिकृत अटींनुसार संगणकात 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर असावा लागतो. इंटेलच्या बाबतीत सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर या यादीत बसतात. म्हणजे साधारणतः २०१८ पूर्वीचा संगणक उत्तम स्थितीत असला, तरी तो या अटींनुसार अपात्र आहे. कॅनालिस या बाजार-संशोधन संस्थेने २०२३ च्या अखेरीस असा अंदाज वर्तवला होता की, या एका निर्णयामुळे जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. भरीस भर म्हणून २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरी चिप्सच्या किमती वाढू लागल्या आणि नवा संगणक घेण्याचे गणित आणखी अवघड झाले.

तालुक्याच्या गावाचे संगणक

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यातील चामोर्शी तालुक्याची ओळख एरवी वैनगंगेच्या काठचे मार्कंडा देवस्थान, धानशेती आणि अलीकडच्या काळात कोनसरीचा पोलाद प्रकल्प यांमुळे आहे. संगणकाचा आणि या तालुक्याचा संबंध काय, असे बाहेरच्याला वाटेल. वस्तुस्थिती उलट आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचा अर्ज, धानविक्रीची नोंदणी, यांतील कोणतेही काम आज संगणकाशिवाय पुढे सरकत नाही. शहरातील माणूस यांतील बरीच कामे घरबसल्या करतो. तालुक्यातील माणूस मात्र सेतू केंद्रातील, शाळेतील किंवा झेरॉक्सच्या दुकानातील एखाद्या संगणकावर अवलंबून असतो. तो एक संगणक अडला की अनेक कुटुंबांची कामे अडतात.

हे संगणक बहुतांशी नवे नसतात. मोठ्या शहरांतील कंपन्यांनी काढून टाकलेली यंत्रे दुरुस्त होऊन लहान बाजारपेठांत येतात. चार जीबी मेमरी, जुनी फिरती हार्डडिस्क आणि दुकानदाराने विनापरवाना चढवून दिलेली विंडोजची प्रत, असे त्यांचे सर्वसाधारण रूप असते. अशा यंत्रांवरच आधार क्रमांक, बँक खात्यांचे तपशील आणि विद्यार्थ्यांची माहिती हाताळली जाते. तेव्हा 'चालते आहे ना, मग चालू द्या' हे धोरण वरवर शहाणपणाचे वाटले, तरी त्याची किंमत मोजणारे लोक वेगळेच असतात.

या पार्श्वभूमीवर लिनक्सचा विचार हा हौशी मंडळींचा छंद उरत नाही. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेला हा गाभा आज जगातील बहुतांश सर्व्हर आणि प्रत्येक अँड्रॉइड मोबाइल चालवतो. घरगुती संगणकांवर मात्र त्याचा वाटा कायम नगण्य राहिला. स्टॅटकाउंटर या संस्थेच्या मोजणीत तो २०२४ च्या फेब्रुवारीत प्रथमच जागतिक पातळीवर चार टक्क्यांच्या पुढे गेला. म्हणजे चामोर्शीतील शेतकऱ्याच्या खिशात लिनक्स केव्हाच पोहोचले आहे. टेबलावर ते यायचे आहे.

निवड कशी करावी?

लिनक्स ही एकच वस्तू नाही. त्याच गाभ्याभोवती वेगवेगळ्या संस्थांनी रचलेले संच उपलब्ध आहेत आणि त्यांना 'डिस्ट्रो' म्हणतात. नवख्या माणसाचा गोंधळ येथूनच सुरू होतो. तो टाळायचा असेल तर तीनच गोष्टी पाहाव्यात: यंत्राचे वय, करावयाचे काम आणि अडचण आली तर हाकेच्या अंतरावर असणारा माणूस.

आठ जीबी मेमरी असलेल्या यंत्रावर उबंटू किंवा लिनक्स मिंटची सिनॅमन ही आवृत्ती निर्धास्तपणे चालते. चार जीबी असेल तर मिंटचीच 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती किंवा एमएक्स लिनक्स अधिक योग्य. दोन जीबीच्या यंत्रावर लुबंटू किंवा अँटीएक्सचा प्रयोग करता येईल. परंतु आजची संकेतस्थळेच इतकी जड झाली आहेत की, तेथे फार अपेक्षा ठेवू नये. ३२ बिटांच्या अतिजुन्या यंत्रांची वाट आता अरुंद होत चालली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन-१३ मध्ये अशा संगणकांसाठी इन्स्टॉलर दिलेला नाही. कोणतीही डिस्ट्रो घ्यावी, पण 'दीर्घ मुदतीच्या सेवेची' आवृत्ती घ्यावी. उबंटू २४.०४ आणि तिच्यावर आधारित मिंट-२२ यांना २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. दर सहा महिन्यांनी बदलणारी आवृत्ती शाळेत किंवा दुकानात चढवणे म्हणजे हाताने दुखणे ओढवून घेणे होय.

लिनक्सची एक सोय फारशी ठाऊक नसते. पेन ड्राइव्हवर प्रत तयार करून संगणक थेट तिच्यावरून सुरू करता येतो आणि हार्डडिस्कला हातही लावावा लागत नाही. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, हे तासाभरात कळते. कार्यालयांतून सर्रास दिसणारे काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर त्रास देतात. ही गोष्ट आधी कळलेली बरी. आणि खर्च करायचाच असेल, तर जुनी हार्डडिस्क काढून त्या जागी एक लहान एसएसडी बसवावी. या एका बदलाने जुन्या यंत्राला जेवढा वेग येतो, तेवढा कोणत्याही डिस्ट्रोने येत नाही.

मराठीचा कळफलक आणि गोंडीची लिपी

प्रणाली बसवली म्हणजे काम संपले, असे नाही. ती आपल्या हाताला बसेल अशी करून घ्यावी लागते. मराठी वाचकाच्या दृष्टीने यातील पहिली पायरी अर्थातच भाषेची. विंडोजच्या काळात आपल्याकडे बिगरयुनिकोड फॉन्टांचे पेव फुटले. त्या फॉन्टांत टंकलेला मजकूर दिसायला मराठी असला, तरी संगणकाच्या लेखी तो रोमन अक्षरांचा गुंताच असतो. फॉन्ट नसेल तर तो वाचता येत नाही, आणि फॉन्ट असला तरी त्यात मराठी शब्द शोधता येत नाही. लिनक्सवर जाताना अशा जुन्या फायली युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे हे सर्वांत वेळखाऊ काम ठरते. परंतु ते आज ना उद्या करावेच लागणार आहे; प्रणाली कोणतीही असो.

टंकनासाठी लिनक्समध्ये इन्स्क्रिप्ट कळफलक उपलब्ध असतो आणि उच्चारानुसारी कळफलकही जोडता येतो. इन्स्क्रिप्टचा एक गुण चामोर्शीत विशेष उपयोगी आहे. हा कळफलक सर्व भारतीय लिप्यांसाठी सारख्याच क्रमाने रचलेला आहे. ज्या कळीवर मराठीचा 'क' आहे, तिच्यावरच बंगालीचा आणि तेलुगूचाही 'क' आहे. चामोर्शी आणि शेजारच्या मुलचेरा तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. तेलंगणाची सीमाही दूर नाही. मराठीत टंकन शिकलेल्या मुलाला येथे आणखी दोन लिप्या जवळजवळ आयत्या मिळतात.

फॉन्टांच्या बाबतीतही परिस्थिती पूर्वीसारखी राहिलेली नाही. रेड हॅटने २००४ साली खुल्या केलेल्या 'लोहित' मालिकेपासून ही वाट सुरू झाली. आज मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्त' आणि गुगलचा 'नोटो' असे सुबक देवनागरी फॉन्ट विनामूल्य मिळतात. एक बाब मात्र प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. मेनू आणि सूचना यांचे मराठी भाषांतर सर्वत्र पूर्ण नाही. काही ठिकाणी मध्येच इंग्रजी डोकावते. पण येथेच मुक्त सॉफ्टवेअरचा वेगळेपणा दिसतो. हे भाषांतर कोणालाही पुढे नेता येते आणि त्यासाठी कंपनीच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

गोंडीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मसराम गोंडी ही लिपी २०१७ साली आणि गुंजाळा गोंडी ही लिपी २०१८ साली युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. दोन्हींसाठी 'नोटो' मालिकेत विनामूल्य फॉन्ट आहेत. गडचिरोली जिल्ह्यातच धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. अशा शाळेला उद्या आपल्या भाषेतील मेनू, आपल्या भाषेतील शब्दकोश आणि आपल्या भाषेतील खेळ संगणकावर हवे असतील, तर त्यासाठी खुली असलेली वाट कोणती, हे वेगळे सांगायला नको. एवढ्या लहान बाजारपेठेसाठी एखादी बडी कंपनी स्वतःहून असे काम हाती घेईल, ही शक्यता फार थोडी.

घोडे कोठे पेंड खाते?

लिनक्सच्या समर्थकांनी एक चूक वारंवार केली आहे. अडचणी लपवून ते गुण सांगत राहिले आणि पहिल्याच ठेचेला वापरकर्ता माघारी फिरला. त्यामुळे अडचणींचा हिशेब आधीच मांडलेला बरा.

सर्वांत मोठी अडचण सेतू केंद्रांची आहे. आधारशी निगडित कामांना लागणाऱ्या बोटांच्या ठशांच्या यंत्रांना 'नोंदणीकृत उपकरणा'चे सॉफ्टवेअर लागते, आणि ते मुख्यत्वे विंडोज व अँड्रॉइडसाठी तयार केलेले असते. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनांपैकी काहींचे चालक लिनक्सवर मिळतात; पण शासकीय संकेतस्थळाने ते स्वीकारले पाहिजेत. त्यामुळे सेतू चालकाने आज उठून विंडोज पुसून टाकावे, असा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे ठरेल. त्याने एक यंत्र अधिकृत विंडोजवर ठेवावे आणि अर्ज टंकणे, छपाई, स्कॅनिंग अशी कामे दुसऱ्या यंत्रावर लिनक्समध्ये न्यावीत, हाच तूर्तास व्यवहार्य मार्ग आहे. संगणक टंकलेखनाच्या संस्थांनीही परीक्षेचे सॉफ्टवेअर कोणत्या प्रणालीवर चालते, हे पाहूनच पाऊल उचलावे.

याउलट शाळेची संगणक प्रयोगशाळा, महाविद्यालयाचे ग्रंथालय, घरचा अभ्यासाचा संगणक आणि ग्रामपंचायतीचा पत्रव्यवहार यांना लिनक्स आजही पुरेसे आहे. फायरफॉक्स, लिबरऑफिस, व्हीएलसी ही मंडळी ओळखीचीच आहेत. वीज वारंवार जाते त्या ठिकाणी प्रणालीची सुस्थितीतील प्रत जपून ठेवणारे 'टाइमशिफ्ट'सारखे साधन चालू ठेवावे आणि कामाच्या फायलींची प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्यावी. एवढी खबरदारी पुरेशी होते.

दुसरी बाजू धोरणाची आहे. केंद्र सरकारने २०१५ सालीच मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या वापराचे धोरण जाहीर केले. शासकीय खरेदीत अशा सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे आणि ते का नको याचे कारण पुरवठादाराने द्यावे, असे त्यात म्हटले आहे. सी-डॅकने तर २००७ पासून डेबियनवर आधारित 'बॉस' ही भारतीय प्रणाली दिली आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबंटूवर आधारित 'माया' स्वीकारण्यास सुरुवात केली. एवढे असूनही बोटांच्या ठशांचे यंत्र लिनक्सवर चालावे, ही साधी अट निविदांमध्ये नियमाने येत नाही. धोरण एका कागदावर आणि खरेदी दुसऱ्या कागदावर, असा हा प्रकार आहे.

या परावलंबनाची झळ किती मोठी असू शकते, हे जुलै २०२५ मध्ये दिसून आले. युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने गुजरातमधील वाडिनार येथे तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीची ईमेलसह काही सेवा अचानक थांबवली. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले आणि त्यानंतर सेवा पूर्ववत झाली. पैसे भरून घेतलेली सेवाही परक्या देशातील निर्णयाने थांबू शकते, हा त्यातला धडा. त्यानंतर स्वदेशी सॉफ्टवेअरचा गजर वाढला, ते योग्यच झाले. परंतु स्वदेशी आणि मुक्त यांत फरक आहे. कुलूप देशी असले तरी किल्ली आपल्या हाती असतेच असे नाही.

केरळ का जिंकले, म्युनिक का डगमगले?

लिनक्सचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करणाऱ्या दोन ठिकाणांची तुलना येथे उद्बोधक ठरेल. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ साली लिनक्सकडे जाण्याचा निर्णय घेतला आणि दहा वर्षांत सुमारे १५ हजार संगणक 'लिमक्स' या स्वतःच्या प्रणालीवर नेले. २०१७ मध्ये मात्र पालिकेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरवले. तंत्रज्ञान अपयशी ठरले म्हणून हे घडले, असे म्हणता येत नाही. सत्ता बदलली, बाहेरच्या कार्यालयांशी फायलींची देवाणघेवाण करताना कुरबुरी वाढल्या आणि पालिकेच्या विस्कळीत संगणक विभागाचे खापरही लिनक्सवर फुटले. त्याच जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने २०२४ मध्ये ३० हजार संगणकांसाठी पुन्हा हीच वाट धरली. पण त्याने आधी लिबरऑफिस व ईमेल बदलायला घेतले आणि प्रणाली बदलण्याचा टप्पा मागाहून ठेवला.

केरळने मात्र उलट टोकाने सुरुवात केली. २००१ साली सुरू झालेल्या 'आयटी@स्कूल' प्रकल्पाने, म्हणजे आजच्या 'काइट' या संस्थेने, आधी शिक्षक तयार केले. पाठ्यपुस्तके मुक्त सॉफ्टवेअरवर आधारित लिहिली, दहावीची संगणक परीक्षा त्यावरच घेतली आणि उबंटूमध्ये आपल्या अभ्यासक्रमाला हवे ते बदल करून स्वतःची प्रणाली दिली. दोन लाखांहून अधिक संगणकांवर ती चढवल्याने परवान्यांचे सुमारे ३,००० कोटी रुपये वाचतील, असा अंदाज २०१९ मध्ये त्या संस्थेने मांडला होता. हा आकडा संस्थेचा स्वतःचा आहे आणि तो थोडा कमी-जास्त मानला, तरी मूळ मुद्दा बदलत नाही. केरळात लिनक्स टिकले, कारण प्रत्येक शाळेत ते जाणणारा शिक्षक होता.

महाराष्ट्रात संगणक साक्षरतेचे काम कमी झाले नाही. एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीने गावोगावी संगणक पोहोचवला. पण आपल्याकडे संगणक शिकणे म्हणजे विंडोज शिकणे, असेच समीकरण रूढ झाले. त्याचा परिणाम असा की, लिनक्स चढवून देणारा उत्साही तरुण चामोर्शीत सापडेलही. परंतु तो पुण्याला नोकरीसाठी गेला की त्याने चढवलेली दहा यंत्रे पोरकी होतात. सहा महिन्यांत कोणीतरी त्यांवर पुन्हा विंडोजची चोरटी प्रत चढवतो आणि 'लिनक्स चालत नाही' असा शेरा मारून मोकळा होतो.

मेंढ्याचा धडा

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी केरळपर्यंतही जाण्याची गरज नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. हक्काचा कागद हाती आला तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना गावाकडे यायला २७ एप्रिल २०११ हा दिवस उजाडावा लागला. गाव त्यासाठी तयार होते, कारण कित्येक वर्षे ग्रामसभा बसत होती, अभ्यासगट चालत होते, जंगलाची राखण होत होती. हक्क मिळण्याआधी सांभाळण्याची सवय लागलेली होती. मुक्त सॉफ्टवेअर ही तशीच सामाईक मालमत्ता आहे. तिच्यावर सर्वांचा हक्क आहे. मात्र राखण कोणी करायची हे ठरले नाही, तर त्या हक्काला अर्थ राहत नाही.

चामोर्शीसारख्या तालुक्याला यातून काय करता येईल? प्रथम, सगळ्या शाळांसाठी एकच डिस्ट्रो आणि तिची एकच दीर्घ मुदतीची आवृत्ती ठरवावी. म्हणजे एका ठिकाणी सापडलेला उपाय सगळीकडे लागू पडेल. मराठी कळफलक, फॉन्ट आणि प्रिंटरचे चालक घालून तयार केलेली तिची प्रत पेन ड्राइव्हवर तालुक्यात उपलब्ध असावी. इंटरनेट मंद असलेल्या गावांसाठी अद्ययावत फायलींचा साठा एखाद्या महाविद्यालयातील संगणकावर ठेवावा आणि तेथून तो शाळांनी उतरवून घ्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येक केंद्रशाळेत एक नव्हे, दोन शिक्षकांना हे काम शिकवावे. एकाची बदली झाली तरी दुसरा राहील. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून गडचिरोलीत आहे. त्याच्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम देता आले, तर पदवी आणि गरज यांची गाठ पडेल.

यांतील एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. लागते ते सातत्य, आणि शासकीय व्यवस्थेत नेमका त्याचाच तुटवडा असतो. म्हणूनच सुरुवात एका शाळेपासून व्हावी. एक शैक्षणिक वर्ष प्रयोग चालू द्यावा आणि अडचणींची वही ठेवावी. ती वही दुसऱ्या शाळेच्या हाती पडली की निम्मे काम झाले. एका तारखेने जुने ठरवलेले संगणक चामोर्शीत आणखी पाच-सात वर्षे कामी येऊ शकतात. त्यांना भंगारात जाऊ द्यायचे की मुलांच्या हाती ठेवायचे, याचा निर्णय रेडमंडमध्ये व्हायचे कारण नाही. तो चामोर्शीत होऊ शकतो.